जग वाचव, पण आधी पाणी भर

किशोरवयीन मुलांसाठी कादंबरी लिहायची तर पहिलं प्रकरण संपायच्या आत आईबापांचा बंदोबस्त करावा लागतो. हॅरी पॉटरचे आईवडील गोष्ट सुरू होण्याआधीच गेलेले. ‘हंगर गेम्स’मधल्या कॅटनिसचे वडील खाणीतल्या स्फोटात गेले आणि त्या धक्क्याने आई असून नसल्यासारखी झाली. आपले भा. रा. भागवत दयाळू गृहस्थ. त्यांनी कुणाच्या जिवावर उठण्याऐवजी बनेश ऊर्फ फास्टर फेणेला फुरसुंगीहून उचलून पुण्याच्या विद्याभवनात आणून ठेवलं, म्हणजे सायकलवर टांग टाकताना “कुठे निघालास?” असं विचारायला घरचं माणूस नको. खून, खाण किंवा वसतिगृह, यांतलं काहीतरी झाल्याशिवाय पोरांच्या हातून पराक्रम होत नाही, असा जागतिक समज आहे.

सोलापुरात ही युक्ती चालणार नाही. आईबापांना पहिल्या पानावर विजापूरला लग्नाला धाडलं तरी काकू उरते. काकूला अक्कलकोटला पाठवलं तर समोरच्या घरातली आक्का उरते, आणि ती दोघींपेक्षा जास्त चौकस असते. नायक एखाद्या स्मगलरचा पाठलाग करत नवी पेठेतून टिळक चौकापर्यंत पोचेस्तोवर त्याला तीन ठिकाणी थांबवलं जाणार. “कुणाचा बे तू? काय करलालास हिथं? घरी सांगून आलास का?” एवढ्यात पुढे गेलेला स्मगलरही मागे वळून म्हणणार, “आरं, ह्यो तर आमच्या साडूचा पोरगा!” आणि दोघांना चहा पाजून वाटेला लावलं जाणार. कादंबरी बत्तिसाव्या पानावर संपली.

म्हणून माझी पहिली मागणी अशी, की आईबाप जिवंत ठेवा. नुसते जिवंत नकोत, त्यांना कामधंदा आणि काळज्याही द्या. या गावात एके काळी जुन्या गिरणीच्या भोंग्यावर घड्याळं लावत. 1877 साली सुरू झालेली ती गिरणी गेली, लक्ष्मी-विष्णू गेली, नरसिंग गिरजी गेली. भोंगा बंद झाल्यावर ज्या घरांतली घड्याळं चुकली, त्या घरांत पंधरा-सोळा वर्षांची मुलंही होतीच की. भिंतीपलीकडे रात्री आईबाप हळू आवाजात काय बोलतात, कर्ज कुणाकडून काढायचं ठरतंय, यंत्रमाग विकायचा की नाही, हे कान टवकारून ऐकणं आणि सकाळी काहीच न ऐकल्यासारखा चेहरा करणं, याहून अवघड हेरगिरी कुठल्या गुप्तहेराने केली आहे? फास्टर फेणे काश्मीरला जाऊन शत्रू पकडून आला. पण बापाचा पगार झाला की नाही हे त्याच्या चपला काढण्याच्या आवाजावरून ओळखणारा पोरगा मला अजून पुस्तकात भेटायचा आहे.

हे सगळं मी माझ्या भाचीला सांगत असतो. ती अकरावीत आहे आणि जुलमी राजवटीखाली चिरडलेल्या भविष्यकाळाच्या इंग्रजी कादंबऱ्या मोबाइलवर वाचते. परवा मोठ्या उत्साहाने सांगायला लागली, “मामा, यात ना, सरकार पाणी स्वतःच्या ताब्यात ठेवतं. लोकांना चार-पाच दिवसांनी थोडं थोडं सोडतं. आणि कधी सोडणार ते कुणालाच माहीत नसतं!”

मी विचारलं, “बरं. आणि यात काल्पनिक काय आहे?”

उजनीचं धरण आमच्याच जिल्ह्यात. साठवण 117 टीएमसी, एवढ्या पाण्यात कादंबरीतलं अख्खं साम्राज्य बुडेल. तिथून शंभरावर किलोमीटर पाइपातून प्रवास करून पाणी शहरात येतं आणि शहराला वर्षानुवर्षं कधी तीन दिवसांनी, कधी चार, कधी पाच दिवसांनी दर्शन देतं. वेळ रात्री दोनची असू शकते. किशोर कादंबरीला जे जे लागतं ते सगळं त्या रात्रीत आहे. घड्याळाशी शर्यत आहे, अंधार आहे, अंगणात उडी मारून मोटार चालू करणारं सैन्य आहे, दाब कमी झाला की शेजाऱ्यांवरचा संशय आहे, आणि पिंप, घागरी, कळशा, शेवटी दुधाचं पातेलं भरल्यावरचा विजयोत्सव आहे. तरी या विषयावर कुणी तीन भागांची मालिका लिहीत नाही.

माझ्या डोक्यातली नायिका अशी आहे. हातात मशाल, समोर हुकूमशहाचा किल्ला, मागे दहा हजार बंडखोर. ती म्हणते, “चला!” आणि मागून आईचा आवाज येतो, “अगं, पाणी आलं!” पुढच्या प्रकरणात दहा हजार बंडखोर गायब, कारण त्यांच्याही गल्लीत आलेलं असतं. हुकूमशहालाही बरं वाटतं. त्याच्या किल्ल्यावर पाणी आज सहाव्या दिवशी चढलेलं असतं.

भाची म्हणाली, “मामा, तू विनोदी करून टाकतोस सगळं.”

मग मी तिला पैशाचं सांगितलं. इंग्रजी गोष्टींतली मुलं सुट्टे पैसे मोजताना दिसत नाहीत. ती निघतात, पोचतात, मध्ये कुठेतरी खातात, पण बिल कुणी दिलं हे लेखक सांगत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात हजारो बायका घरी विड्या वळतात, आणि त्यांची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. ज्या घरात मांडीवर सूप घेऊन आई दिवसभर बसते, त्या घरातल्या मुलीचं गणित कुठल्याही क्लासवाल्याने तपासून पाहावं. परीक्षेची फी म्हणजे किती विड्या, सायकलचा टायर म्हणजे किती, भावाच्या वाढदिवसाचा केक म्हणजे किती, हे तिला तोंडपाठ. आणि कारखान्यात माल द्यायला गेल्यावर कुणीतरी चार मुठी उचलून ‘छाट’ म्हणून बाजूला टाकतो, तेव्हा तिच्या मनात जो राग उसळतो त्यापुढे व्होल्डेमॉर्टवरचा राग म्हणजे किरकोळ कुरबूर. पण या मुलीवर लिहायचं तर डोळ्यांत पाणी आणूनच लिहायचं, असा आमच्याकडे नियम आहे. ती बिचारी असते, सोशिक असते, शेवटी कलेक्टर होते. मला ती हुशार, तिरसट आणि पैशाच्या बाबतीत अजिबात न फसणारी अशी हवी. कलेक्टर झाली नाही तरी चालेल. कलेक्टरला हिशेब शिकवला तरी पुरे.

भाषेची मागणी त्याच गल्लीतली. पद्मशाली घरातला मुलगा आईशी तेलुगू बोलतो, शाळेत मराठी निबंध लिहितो, बाजारात कन्नडमध्ये घासाघीस करतो, मित्रांशी हिंदीत भांडतो आणि क्लासमध्ये इंग्रजीत खोटं बोलतो. पुस्तकात मात्र तो आला की पहिल्या ओळीपासून सदाशिव पेठेसारखा बोलायला लागतो. लक्ष्मीनारायण बोल्लींनी ‘एका साळियाने’ या आत्मचरित्रात अशा घरातून मराठीत आल्याची कहाणी सांगितली, पण ती मोठ्यांच्या कपाटात आहे. सोळा वर्षांच्या पोराची अडचण वेगळीच असते. समजा, त्याला वर्गातली एक मुलगी आवडली. कबुली कुठल्या भाषेत द्यायची? तेलुगूत दिली तर ती त्याच्या आईपर्यंत पोचेल. मराठीत दिली तर निबंध वाटेल. हिंदीत सिनेमा, इंग्रजीत जाहिरात, आणि कन्नडमध्ये दिली तर त्याच्या नकळत भाव पाडून मागितला जाईल. विचार पूर्ण होईपर्यंत मुलीची रिक्षा अशोक चौक ओलांडून गेलेली असते. एवढ्यावर दोनशे पानं सहज निघतात. त्यात रक्तपिपासू देखणा तरुण घालायची गरज नाही.

“पण काहीतरी मोठं व्हायला पाहिजे ना,” भाची म्हणाली. “एखाद्यात शक्ती पाहिजे. तोच निवडलेला असतो.”

निवडलेल्यांची आमच्याकडे टंचाई नाही. सात रस्त्यावर मान वर केली की होर्डिंगवर क्लासच्या निवडलेल्यांचे फोटो टक्केवारीसह लटकलेले असतात. मला त्या होर्डिंगखाली मित्राची वाट बघत उभा असलेला बासष्ट टक्केवाला हवा. त्याच्या कपाळावर विजेची खूण नाही, त्याच्याबद्दल कुठली भविष्यवाणी नाही, आणि असलीच तर काकाने केलेली आहे, ती सांगण्यासारखी नाही. त्याला एकच गोष्ट करायची आहे, काठी पेलायची आहे. मकर संक्रांतीच्या गड्डा यात्रेत सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज, म्हणजेच या काठ्या, निघतात. ते पेलायला पांढरी बाराबंदी घातलेली माणसं लागतात आणि त्या माणसांना आधी सराव लागतो. हा पोरगा रात्री सराव करतो. आजोबांनी काठी पेललेली, बापाने पेललेली, आणि याच्या कंबरेत अजून तेवढा जोर आलेला नाही. जोडीला एक मित्र आहे, तो याच्यापेक्षा ताकदवान आहे आणि हे दोघांनाही ठाऊक आहे. मैत्रीवर एवढा भार पुरेसा आहे. मध्ये मुलगी आणून तिच्यावरून दोघांचं बिनसवू नका. दोन मुलांचं काठीवरूनही बिनसू शकतं.

जातीचंही असंच. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंनी ‘फँड्री’त जब्या उभा केला, तेव्हा शाळेच्या वयातलं प्रेम आणि जात एकाच चौकटीत पडद्यावर आली. ते बघून थिएटरातून बाहेर आलेल्या मुलांना, चला आता असंच काही वाचायला घ्या, म्हणून हातात किती पुस्तकं ठेवता येतात? आमच्या जिल्ह्यात पंढरपूर आहे, तिथे विठोबाच्या मंदिराचं दार सर्वांना उघडावं म्हणून साने गुरुजींनी मे 1947 मध्ये उपोषण केलं. मुलांपर्यंत त्यांचा श्याम पोचला, आई पोचली, पायाला माती लागू नये म्हणून केलेला हट्ट पोचला. उपोषणाला बसलेले गुरुजी कुर्डुवाडीच्या अलीकडेच कुठेतरी गाडी बदलताना हरवले.

क्रांतीच्या बाबतीत मात्र भाचीला मी पुरतं निरुत्तर केलं. तिच्या कादंबरीत राजधानीची सत्ता उलथायला तीन भाग लागतात. मी म्हटलं, तुझ्या कॉलेजच्या रस्त्यावर हे झालेलं आहे. मे 1930, गांधीजींना अटक झाली, गोळीबार झाला, आणि त्यानंतर काही दिवस सोलापुरात इंग्रजांचा अंमल उरला नव्हता. सरकारने मग मार्शल लॉ लावून शहर परत घेतलं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिलं. चौघांची नावं एका ओळीत वाचली तरी गावाचा नकाशा कळतो. कुर्बान हुसेन तर विशीतला पोरगा. त्या दिवसांत गिरणीत जाणारी, शाळा बुडवणारी, पोलीस नसलेल्या रस्त्यावर पहिल्यांदाच मोकळी फिरणारी सोळा वर्षांची मुलगी काय करत असेल? माझ्या मते, आईने तिला आधी पाणी भरायला लावलं असेल. पण नंतर?

भाचीने मोबाइल खाली ठेवला. हे मी विजय म्हणून नोंदवून ठेवलेलं आहे.

मग मी हातोडा घातला. म्हटलं, या चौघांसाठी आपण काय केलं? चौकात पुतळे उभारले आणि हुतात्मा एक्स्प्रेस सुरू केली. ती भल्या सकाळी निघते आणि सोलापूरची तरुण पोरं पुण्याला नेऊन सोडते. गावासाठी मेलेल्यांच्या नावाने गाव रिकामं करणारी गाडी! जाणाऱ्यांच्या गोष्टींना आमच्याकडे तोटा नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1910 साली इथे जन्मले, 1938 मध्ये चीनला गेले, 1942 मध्ये तिथेच वारले आणि 1946 मध्ये त्यांच्यावर शांतारामबापूंचा सिनेमाही आला. भैय्या चौकात त्यांचं घर बघायला चिनी पाहुणे येतात. कोटणीसांचा मला अभिमान आहे. पण प्रत्येक गोष्टीत शहाणं पोर शेवटच्या प्रकरणात स्टेशनवर का जातं? इथेच राहून काहीतरी उभं करणारी, बावीस नापास यंत्रमागांतले चार चालू करणारी, किंवा काहीच उभं न करता आनंदाने शेंगाचटणी-कडक भाकरी खाणारी नायिका कुणी लिहिणार की नाही? गावात राहणं म्हणजे गाडी चुकणं नव्हे, एवढं सोळाव्या वर्षी कुणीतरी पुस्तकातून सांगायला हवं. नंतर सांगून उपयोग नसतो, तोवर पुण्यात फ्लॅटचा हप्ता सुरू झालेला असतो.

भाची बराच वेळ विचार करत राहिली. मग म्हणाली, “मामा, मीच लिहिते. सोलापुरातच राहणारी मुलगी. पाणी, विड्या, काठी, 1930, सगळं घेते. गाव सोडायचं नाही म्हणजे नाही.”

माझा ऊर भरून आला. तेवढ्यात ती पुढे म्हणाली, “पण प्रकाशक सगळे पुण्यात आहेत ना? मग बारावीनंतर मला तिथेच अॅडमिशन घ्यावी लागेल. आईला तू सांग. तुझीच कल्पना आहे म्हणून सांग.”

बहिणीला मी अजून सांगितलेलं नाही. तिच्याकडे पाणी कधी येतं, त्याचा अंदाज घेतोय. ती घागरी भरण्यात गुंतलेली असताना पटकन सांगून निघून येईन म्हणतो.