ऑफिससाठी लिनक्स कसं निवडावं

सर्वांत आधी, काम काय आहे ते विचारू नये. कामावरून निवड करायला गेलं की प्रश्न दहा मिनिटांत निकालात निघतो आणि चारच्या चहाला भांडायला विषय उरत नाही.

सुरुवात वॉलपेपरपासून करावी. ज्या सर्व्हरला जन्मात कधी मॉनिटर जोडला जाणार नाही, त्याला कुठला डेस्कटॉप शोभेल याचा सखोल अभ्यास करावा. मग टीममधल्या जाणत्या माणसाला गाठावं. तो 'आर्च' वापरतो. हे विचारावं लागत नाही, तो आपणहून सांगतो. आर्चला ठरावीक आवृत्ती नाही, अपडेट येतच राहतात, आणि प्रत्येक अपडेटआधी काही हाताने दुरुस्त करायचं आहे का ते प्रकल्पाच्या सूचनांत बघून घ्यावं अशी अपेक्षा असते. बँकेच्या सर्व्हरवर हे शुक्रवारी संध्याकाळी करावं. शनिवार-रविवार कसा घालवायचा हा प्रश्न सुटतो. पगार तासावर मिळत असेल तर जेंटू घ्यावं आणि सगळं मशीनवर कंपाइल करत बसावं. काली लिनक्स सुरक्षा चाचणीसाठी बनवलंय, पण त्यावरचा ड्रॅगन पाहून एचआरवाले जरा दबकून वागतात, तेव्हा तेही असू द्यावं.

डेबियनपासून मात्र चार हात लांब राहावं. 1993 पासून चाललेला प्रकल्प, आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी'तल्या पात्रांची नावं. कायम अस्थिर असणारी शाखा 'सिड', म्हणजे त्या सिनेमातला खेळणी मोडणारा कार्टा. एवढी विनोदबुद्धी असलेली माणसं स्थिर आवृत्ती मात्र साधारण दोन वर्षांनी काढतात, आणि तिच्यातली पॅकेजेस बाहेर येतानाच शिळी असतात. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवल्याचं उघडकीला आलं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून ते सापडलं. चोरदरवाजा होता 5.6.0 आणि 5.6.1 मध्ये, आणि डेबियनच्या स्थिर आवृत्तीत होतं जुनं 5.4.1. ताज्या मालाचे शौकीन धावपळ करत होते, तेव्हा स्थिर डेबियनवाल्यांना करायला काहीच नव्हतं. अशा नोकरीत अप्रेझलला लिहिणार काय?

सपोर्ट किती वर्षं मिळणार, हे तर अजिबात बघू नये. सेंटओएस म्हणजे रेड हॅटच्या विकतच्या लिनक्सची फुकटातली हुबेहूब प्रत. तिची आठवी आवृत्ती 2019 मध्ये आली, 2029 पर्यंत सांभाळू असं सांगत. डिसेंबर 2020 मध्ये कळलं की 2021 संपताच गाशा गुंडाळायचा. आणि आधीची सातवी? ती जून 2024 पर्यंत सुखाने चालली. ज्यांनी शहाण्यासारखं वेळेवर अपग्रेड केलं ते तोंडघशी पडले, आणि 'चालतंय ना, मग कशाला हात लावतोस' म्हणणारे निवांत राहिले. (आमच्या क्षेत्रात आळसाला 'स्थैर्य' म्हणतात ते उगीच नाही.) त्या पोकळीतून रॉकी आणि अल्मा हे दोन नवे पर्याय उभे राहिले, म्हणजे वादाला आणखी दोन पक्ष मिळाले.

शेवटी मॅनेजरची मंजुरी.

"सर, उबंटूची एलटीएस घेऊ. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते, पाच वर्षं अपडेट फुकट."

"फुकट? मग रात्री दोनला बंद पडलं तर फोन कुणाला करायचा?"

"मलाच, सर."

"तुला नाही रे. ज्याच्यावर ढकलता येईल अशा कुणालातरी."

इथे रेड हॅटचं कोटेशन पुढे सरकवावं. पैसे भरले की दहा वर्षांचा सपोर्ट मिळतो, आणि सरांच्या मेलमध्ये 'व्हेंडरकडे पाठपुरावा सुरू आहे' हे वाक्य लिहायची सोय होते.

एवढं सगळं झाल्यावर क्लायंटचा कागद उघडून वाचावा. आवृत्ती त्यात पहिल्याच पानावर लिहिलेली असते. सेंटओएस 7.