बाल्कनीतला सूर्य

झेंड्यावर सूर्य मिरवणाऱ्या जपानला तो घरकामाला लावायची आठवण २०११ च्या भूकंपानंतर नव्याने झाली. फुकुशिमाचा अणुअपघात घडला आणि कानागावातल्या फुजिनोत लोक ५० वॅटचं पॅनेल, बॅटरी आणि इन्व्हर्टर स्वतःच्या हाताने जोडायला शिकू लागले. उपक्रमाचं नाव ‘फुजिनो देन्र्योकु’, म्हणजे चक्क फुजिनो वीज कंपनी! आपल्याकडे दोन गाड्यांच्या ट्रॅव्हल्सवाल्यालाही ‘इंटरनॅशनल’ लागतंच की.

आता हिशेब. ५० वॅट, पाच तास कडक ऊन, म्हणजे फार तर २५० वॅट-तास. मोबाइल, एलईडी दिवा खुशाल चालवा. पण १००० वॅटचा राइस कुकर लावलात, तर १५ मिनिटांत दिवसभराचा सूर्य खलास, आणि भात कच्चा.

शिवाय पॅनेल लावायचं कुठे? फ्लॅटची बाल्कनी आपली नसतेच. नियमाने ती सामायिक, आग लागली तर सुटकेची वाट. तिथल्या उन्हावर पहिला मान वाळत टाकलेल्या गादीचा. टोकियोच्या निशिकासाईतल्या मराठी घरात दुसरा पापडांचा असणार. पॅनेल तिसरं.

२०१२ मध्ये सरकारने वीज कंपन्यांना घराच्या छपरावरची वीज युनिटला ४२ येनने घ्यायला लावली. गादी वाळवल्याचे अजून कोणी काही देत नाही.