ग्लोबमालक

प्रत्येक भिशीत एक हिशेब ठेवणारा असतो, पहिला नंबर आपला लागला नाही म्हणून रुसणारा एक असतो, आणि अलीकडं सोलापुरात एक ग्लोबमालकही असतो. मालक काय, इथं रिक्षावालाही असतो आणि रिक्षात बसणाराही. ग्लोब मात्र कमवावा लागतो. भिशीच्या पैशातून चार जोडप्यांनी चार रात्री-पाच दिवस परदेशात जाऊन यायचं, एवढं ठरायचा अवकाश, की 'कुठं' हे खातं ग्लोबमालक आपणहून ताब्यात घेतात. पैसे कुणाचे, सवड कुणाला, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं.

वय पन्नाशीच्या अलीकडं-पलीकडं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना. माल वर्षानुवर्षं आखातात जातोय आणि मालक परवापरवापर्यंत मुंबईच्या पुढं गेले नव्हते. "आपला नॅपकिन दुबई बघून आला बे, आपण नाय बघितली," हे त्यांचं वाक्य भिशीतल्या बायका आता त्यांच्याआधी पूर्ण करतात.

बैठक रात्री जेवणं आटोपल्यावर, पार्क चौकात. मालक मोबाइल काढतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि आधी भूगोलाची उजळणी घेतात. "वंदे भारतनं सोलापूर ते मुंबई किती? साडेसहा तास. मुंबई ते बँकॉक विमानानं किती? चार-साडेचार. मग जवळ काय हाय, मुंबई का बँकॉक?" यावर कुणाला काही सुचत नाही. एखादा विमानतळावरचे तीन तास धरायला सांगतो, तर ते मालक हिशेबात घेत नाहीत. तिथं आपण बसून असतो, प्रवास कुठं करतो?

होटगी रोडच्या विमानतळानं तर त्यांना बळच दिलं. साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली आणि दोन वर्षांनी, जून २०२५ मध्ये, गोव्याचं विमान सुरू झालं. बाकी गाव गोव्याला जाता येणार म्हणून खूश. मालकांना गोवा हा नुसता जिना दिसला. मोपाला उतरायचं, तिथून पुढं जग मोकळं. पुढचे काही महिने त्यांच्या प्रत्येक बेताची सुरुवात गोव्यापासून व्हायची. काठमांडूलासुद्धा ते गोव्यावरूनच निघाले होते.

काठमांडू मात्र वेगळ्याच कारणानं पडलं. भारतीयांना तिथं व्हिसा लागत नाही. मतदार ओळखपत्र दाखवलं तरी चालतं. स्वस्त, सोपं, वर पशुपतिनाथ. मालकांनी हे सगळं उत्साहानं सांगितलं आणि चारी वहिनींचे चेहरे उतरले. ज्याला पासपोर्ट लागत नाही तो परदेश कसला? शिक्का कुठं बसणार? घड्याळसुद्धा फक्त पंधरा मिनिटं पुढं. सोलापुरात लग्नाचा मुहूर्त याहून जास्त सरकतो.

एक सांगायला हवं. ग्लोबमालकांची खरी विद्या ठिकाण सुचवण्यात नाही, ठिकाण बाद करण्यात आहे. ते काम ते स्वतः कधी करत नाहीत. माहिती अशा बेतानं पुरवतात की दुसऱ्याकडून होतं. दुबई निघाली, तर खसखस तिथं न्यायला बंदी आहे ही बातमी त्यांनी काळ्या मसाल्याचा डबा भरायला बसलेल्या भिशीतल्या अक्कांनाच जाऊन सांगितली. शिवाय भिशी फुटते मे महिन्यात. त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्री बघायला तिकीट कशाला काढायचं, गच्चीवर जाऊन उभं राहावं.

सिंगापूर निघालं तर तिथं गुटखा-खैनी चालत नाही, हे सांगताना त्यांनी नजर बरोबर एकाच माणसाकडं लावली. त्या गृहस्थांच्या तोंडात तेव्हाही मावा होता, त्यामुळं त्यांना निषेध नोंदवता आला नाही. त्यांची बायको म्हणाली, "मग तिथंच न्या. चार दिवस तरी नीट ऐकू येईल काय बोलतेत ते." मत चांगलं होतं, पण बहुमत मिळालं नाही.

अल्माटी मोबाइलवरच्या रीलमधून आली. कझाकस्तानात चौदा दिवस बिनव्हिसाचं राहता येतं. तिथं बघायला काय आहे, असं विचारल्यावर मालक म्हणाले, "थंडी हाय." सोलापूरकराला तेवढं प्रेक्षणीय स्थळ पुरेसं असतं, सगळे हरखले. मग मालकांनी हळूच पुस्ती जोडली की तिकडं घोड्याचं मांस आवडीनं खातात. अक्का लिंगायत. त्या फक्त "घोडा?" एवढंच म्हणाल्या. अल्माटीचा विषय परत निघाला नाही.

शाकाहाराचा प्रश्न आला की मालक डॉ. कोटणीसांना पुढं करतात. "आपल्या सोलापूरचा माणूस १९३८ला बोटीनं चीनला गेला. लढाई चालू होती. त्यांनी विचारलं का तिथं भाजी मिळती का?" घरच्या वहिनींनी शेंगा निवडत उत्तर दिलं, "अहो, ते परत आले नाहीत. म्हणून तर विचारतेय."

तारखांचं तर बोलूच नये. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा. नंदीध्वज निघालेले असताना गावाबाहेर असणं म्हणजे जन्मभराचा कलंक. श्रावणात खाण्याचे हाल. दिवाळीआधी कामगारांचा बोनस, दिवाळीनंतर कामगार गावाहून परत येण्याची वाट. यातून एखादा आठवडा मोकळा निघाला, तर पाण्याची पाळी आडवी येते. इथं पाणी रोज सुटत नाही. चार रात्री-पाच दिवस म्हणजे एक पाळी गेलीच, मग टाकी कुणी भरायची? मालकांच्या वहीत जगातल्या विमानांच्या वेळा आहेत आणि समासात पेठेपेठेच्या पाण्याच्या.

शेवटी क्वालालंपूर आणि बँकॉक उरले. मलेशिया आणि थायलंड, दोघांनीही २०२३च्या अखेरीस भारतीयांना व्हिसा माफ केला, त्यामुळं सामना बरोबरीचा. क्वालालंपूरजवळ बटू लेण्यांपाशी मुरुगनची सोनेरी मूर्ती आहे, जवळजवळ ४३ मीटर उंच. देवदर्शन होतंय म्हटल्यावर अक्कांनी पारडं तिकडं झुकवलं. मग मालकांनी माहिती पुरवली, की लेण्यात जायला २७२ पायऱ्या. चार वहिनींचे मिळून आठ गुडघे. बँकॉक पक्कं.

ठिकाण पक्कं झालं म्हणजे काम संपलं असं ज्याला वाटतं, त्यानं मालकांना हॉटेल निवडताना पाहिलेलं नाही. लोक हॉटेलचा पोहण्याचा तलाव बघतात, नाश्त्याचे फोटो बघतात. मालक थेट बाथरूमचा फोटो उघडतात आणि दोन बोटांनी ताणत ताणत दांडीवरच्या टॉवेलपर्यंत पोचतात. "चारशे जीएसएम. लई झालं तर सव्वाचारशे. चार स्टार लिवलंय. हे तीनचं हॉटेल हाय." पुढचं हॉटेल. "ह्याचा काठ बघा, शिलाई उसवलीय. जे टॉवेल बदलत नाहीत ते चादर कशाला बदलतील?" हसू येतं, पण या एका बाबतीत त्यांचा शब्द मी प्रमाण मानतो. आजवर त्यांनी टॉवेल बघून निवडलेल्या हॉटेलात कुणाला ढेकूण चावलेला नाही.

तर गेले एकदाचे. निघण्याआधी सगळ्यांचे पासपोर्ट त्यांनी स्वतः तपासले, सहा महिन्यांची मुदत बोटांवर मोजली. कडक भाकरी पिशवीत दोन टॉवेलांच्या मध्ये ठेवल्या, त्यामुळं चुरा झाला नाही. शेंगा चटणी निम्मी विमानातच संपली. बँकॉकमध्ये पिवळ्या फलकावर लाल अक्षर दिसलं की आत शाकाहारी मिळतं, हेही त्यांनी आधीच शोधून ठेवलं होतं. मात्र त्या जेवणात कांदा-लसूणही नसतो. अक्का खूश, बाकीचे लसणीच्या चटणीसाठी अक्कांच्या पिशवीभोवती.

खोलीत पलंगावर टॉवेल दुमडून केलेला हंस ठेवला होता. वहिनी फोटोसाठी मोबाइल काढेपर्यंत मालकांनी हंसाची मान उलगडली, काठ अंगठ्यानं चोळला, लूप ओढून बघितला आणि लेबल शोधायला लागले. बाकीचे होडीतून वाट अरुण बघायला निघाले, तेव्हा मालक गॅलरीत साफसफाईच्या मुलीला खुणेनं विचारत होते, किती धुण्यांनंतर रंग जातो. तिला काय समजलं कोण जाणे, तिनं आणखी दोन टॉवेल आणून दिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा हंस, पुन्हा उलगडणं. तिसऱ्या दिवशी पलंगावर टॉवेल नुसता घडी घालून ठेवलेला होता.

परत आल्यावर पहिल्याच बैठकीत नवं नाव आलं. देनिझ्ली. तुर्कस्तानातलं टॉवेलांचं गाव, जवळच पामुक्कलेचे गरम पाण्याचे झरे. तुर्कस्तानचं नाव सध्या काढू नये, हे भिशीनं त्यांच्या लक्षात आणून दिलं. मालक म्हणाले, "आत्ता कुठं जायचंय? नुसतं ठरवून ठेवू की."

वहिनी म्हणाल्या, "आधी एवढंच विचारा, तिथं रात्री लूमचा आवाज येतो का. येत असला तर मी घरीच बरी."