चिमणीचं कौतुक पुरे

काय हो वहिनी, टांगलंत का शेवटी ते लाकडी खोकं? वीस मार्चचा चिमणी दिवस झाल्यापासून गल्लीत गॅलरीगणिक एकेक लटकतंय. माझ्या नणंदेच्या खोक्यात तर मुंग्या राहायला आल्यात!

टॉवरमुळं चिमण्या गेल्या म्हणता? म्हणतात खरं सगळेच, पण तसा ठोस पुरावा नाही. आमचा भाचा पक्ष्यांच्या नोंदी करत हिंडतो ना, तो सांगत होता. २०२० च्या देशभरातल्या पक्ष्यांच्या अहवालात चिमणी एकंदरीत टिकून आहे. घटली ती मुंबई-दिल्लीसारख्या शहरांत. घटणारच की! वळचण राहिली नाही, फोटोमागं जागा नाही, सूप घेऊन अंगणात निवडायला कोण बसतंय? आणि पिल्लांना नुसते दाणे पुरत नाहीत, अळ्या लागतात. आपण अळी दिसली की फवारा! आपण म्हणजे तुम्ही हो. परवा मोगऱ्यावर कोण मारत होतं?

मला खरी काळजी चासाची. अहो, नीलकंठ! तारेवर मातकट दिसतो आणि उडाला की पंख निळेशार. दसऱ्याला दिसला तर वर्ष बरं जातं म्हणायच्या सासूबाई. कर्नाटक, तेलंगण, ओडिशा, तिघांनी त्याला राज्यपक्षी केलाय. आणि २०२३ चा अहवाल म्हणतो, याला किती धोका आहे ते नव्यानं तपासा. करडा खाटीक तर ऐंशी टक्क्यांहून जास्त घटलाय. तोच, जो टोळ-सरडे पकडून बाभळीच्या काट्याला टोचून ठेवतो. त्याचं नाव तरी माहीत होतं का तुम्हाला? त्याच्यासाठी कोण खोकं टांगणार?

नाही, सगळेच नाही घटले. मोर दुपटीच्या वर गेलेत, कोकिळा वाढल्यात. पहाटे चारला झोपमोड करते ना ती? करतो म्हणा, ओरडतो तो नर. जो झाडं-बागांत भागवून घेतो त्याचं बरं चाललंय. उघड्या माळावरच्यांचे हाल. माळाला आपण पडीक म्हणायचं नि नांगर घालायचा, बांध कोरत न्यायचे, किडा म्हणून शिल्लक ठेवायचा नाही. मग त्यांनी खायचं काय? पूर्वी ज्वारीवरची पाखरं हाकलायला माळ्यावर गोफण घेऊन माणूस बसवावा लागायचा. आता नुसतं सोयाबीन.

तुमचे दीर यंदा बांधावरची बाभळ तोडणार म्हणत होते ना? त्यांना म्हणावं, राहू द्या ती. आणि खोक्याचं म्हणाल तर असू द्या, पण मोगऱ्यावरचा तो फवारा तेवढा बंद करा.