बल्लवाचार्य, सिडको एन-सात

स्वयंपाकाचा क्लास लावणार, ही बातमी मी बायकोला सांगायच्या आधी नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. अंगठ्यांचा आणि टाळ्यांचा पाऊस पडला. ‘वहिनी नशीबवान हो!’ असं एका मावसबहिणीने लिहिलं. वहिनी तेव्हा ओट्याशी उभ्या राहून माझ्यासाठी तिसरी भाकरी भाजत होत्या.

पहिल्यांदा अर्थातच रौझाबागेतलं हॉटेल मॅनेजमेंट डोळ्यांसमोर आलं. १९८९ पासून ताजच्या साथीने शेफ घडवणारी संस्था. माझ्यासारख्या जाणकाराला तिथे थेट तिसऱ्या वर्षाला घेतील, असं मला आपलं वाटलं. पण तिथे पदवी देतात, आणि मला हवी होती फक्त शनिवारची दुपार.

मग ‘स्वतः करून शिका’वाले क्लास धुंडाळले. एके ठिकाणी अख्ख्या वर्गाला एक शेगडी. प्रत्येकाने एकदा डाव फिरवायचा आणि फोटो काढून घ्यायचा. दुसरीकडे सगळं चिरून वाट्यांत तयार. कांदा चिरायला मागे एक मावशी, भांडी घासायलाही त्याच. ‘मग आम्ही काय करायचं?’ ‘प्लेटिंग, सर!’ तिसरीकडे दोन तासांत नान खलिया. १३२७ मध्ये तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा फौजेबरोबर हा पदार्थ इकडे आला, असं गावात सांगतात. नान भट्टीतला, जुन्या शहरातले खवय्येही तो विकतच आणतात. इथे तो ओटीजीत होणार होता. निर्णय फिरवायला तुघलकाला काही वर्षं लागली, मी जिन्यातच फिरवला.

‘भाकरी शिकवता का?’ हा प्रश्न मी सगळीकडे विचारला. यादीत मोमो होते, लझानिया होता. ‘काका, भाकरी काय, घरीच शिका ना!’

घरीच! जोंधळ्याच्या पिठाला गव्हाचा चिवटपणा नसतो. तो गरम पाण्याने आणि तळहाताच्या रेट्याने आणावा लागतो. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, मग कितीही मळा, थापताना कडेला चिरा पडणारच. थापताना परात जागची हलत नाही, भाकरी फिरते. तव्यावर पिठाची बाजू वर आली पाहिजे, तिच्यावर लगेच पाण्याचा हात. ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची. उशीर केलात की ती तडकली, आणि तडकलेली भाकरी जाळावर फुगत नाही. कमलाबाई ओगल्यांनी १९७० च्या ‘रुचिरा’त वाटी-चमच्याची मापं दिली आणि नवख्यांच्या पिढ्या तरल्या. पण पाणी सुकत आल्याचा तो क्षण कुठल्या वाटीने मोजणार? हे सगळं मला तोंडपाठ आहे. हातून मात्र मराठवाड्याचा नकाशा उतरतो, तोही बीडपाशी फाटलेला.

हे व्याख्यान मी बायकोलाही दिलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. ‘मला नववं लागलं आणि आजीनं परातीपुढं बसवलं. बिघडलेली भाकरी माझ्याच ताटात यायची.’

तिला क्लास निवडायचा नव्हता. फी नव्हती, बॅच नव्हती, नको म्हणायची सोय नव्हती. बोट भाजलं की पाण्यात बुडवायचं आणि पुढचा गोळा घ्यायचा. त्यानंतर एवढी वर्षं तिला कुणी एक अंगठा दाखवला नव्हता. मला संताप आला. मावसबहिणीवर काढणं सोपं होतं म्हणून तिच्यावर काढला. ग्रुपवर नाही, मनातल्या मनात.

शेवटी गारखेड्यात एक क्लास पसंत पडला. ज्याची त्याची शेगडी, ज्याचा त्याचा कांदा आणि ज्याची त्याची घासायची भांडी. येत्या शनिवारी ब्रेड होता आणि एकच जागा उरली होती. बायकोला मी परीक्षक म्हणून बरोबर नेलं होतं.

‘नाव काय लिहू?’ मॅडमनी विचारलं. मी घसा साफ करेपर्यंत हिने आपलं नाव सांगून फोनवरून फीसुद्धा भरली होती.

‘मला यीस्टमधलं काही कळत नाही,’ जिना उतरताना ती म्हणाली. ‘तुम्हाला भाकरीतलं सगळं कळतं. शनिवारी मुलं जेवायला आहेत. पीठ कालच दळून आणलंय, तेव्हा विरीचं कारण सांगू नका.’