केळं एक, हात आठ

सरकारी इस्पितळात पडलेला माणूस इंजेक्शनला भीत नाही, इतका फळवाटपाला भितो. पहाटे जरा डोळा लागलेला असतो, तेवढ्यात वॉर्डात गडबड उडते. ‘आजोबा, उठून बसा, मंडळी आलीत.’ आजोबा उठतात. सलाईनचा हात अंगाशी, मोकळा हात पुढे. त्या हातावर एक केळं येतं आणि केळ्यावर आठ हात. फोटोवाला ओरडतो, ‘केळं दिसत नाहीये!’ हात कुणी काढायचा यावर थोडी कुजबुज होते. शेवटी आजोबांचाच हात जरा खाली करतात. फोटो होतो, मंडळी पुढच्या खाटेकडे सरकतात. आजोबांना मधुमेह आहे, हे पायथ्याशी टांगलेल्या कागदावर लिहिलेलं असतं. पण कागद वाचायला कुणी आलेलं नसतं.

फळं वाटणाऱ्यांत राजकारणी बरे. त्यांचा वाढदिवस वर्षातून एकदाच येतो. देवाधर्माच्या नावाने सेवा करणाऱ्यांना जयंती आहे, पुण्यतिथी आहे, प्रकटदिन आहे, उरूस आहे, नाताळ आहे. प्रत्येक निमित्ताला एक बॅनर आणि प्रत्येक बॅनरवर देव कोपऱ्यात, अध्यक्ष मध्यभागी. देवाला पासपोर्ट साइज, अध्यक्षांना फुल साइज.

आता आमच्या जयगडचं पाहा. शास्त्री नदीच्या मुखाशी किल्ला आहे, दीपगृह आहे, १२०० मेगावॉट वीज करणारा कारखाना आहे, अगडबंब जहाजं लागतात असं बंदर आहे. कारखान्याच्याच कंपनीने जयविनायकाचं देखणं देऊळ बांधलंय, गणपतीपुळ्याला आलेला पर्यटक तेवढ्यासाठी वाट वाकडी करून येतो. म्हणजे वीज, बंदर आणि देव या तिन्ही बाबतींत गाव स्वयंपूर्ण. फक्त रात्री अडीच वाजता कुणाच्या छातीत कळ आली, की पहिला प्रश्न येतो तो गाडीचा. जिल्हा रुग्णालय रत्नागिरीला, ४०-४५ किलोमीटरवर, आणि रस्ता कोकणातला. डायलिसिसवाल्याला ही वारी आठवड्यातून दोन-तीनदा करावी लागते. प्रसादाची खिचडी एकदा खाऊन भागतं, डायलिसिस एकदा करून भागत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत खलाशाच्या घरात चूल कशी पेटते, हे विचारायला कुठलीच मिरवणूक येत नाही, कारण पावसात ढोल भिजतात.

पैसा नाही म्हणावं, तर तसंही नाही. मुंबईकरांची मंडळं शिमग्याला आणि गणपतीला पाकीट सैल करतात. खाडीपट्ट्यातल्या मोहल्ल्यांत आखातातल्या कमाईची जकात येते, शेकडा अडीच रुपये हिशेबाने. पण जमलेल्या पैशाला एक वाईट खोड आहे. तो आजारी माणसाकडे निघतो आणि वाटेत फरशी दिसली की तिथेच बसतो. सभामंडपाला ग्रॅनाइट होतं, मिनाराला नवी रोषणाई होते, कमानीवर देणगीदारांची नावं संगमरवरात कोरली जातात. रुग्णवाहिकेचा ठराव मात्र ‘पुढच्या सभेत विचारात घेण्याचे ठरले’ या वाक्यापाशी वर्षानुवर्षं पार्क केलेला असतो.

त्यामुळे असल्या संस्थांच्या म्होरक्यांना तपासायची आमची एक घरगुती मोजपट्टी आहे. चार खुणांची. सरकारमान्य नाही, पण चालते.

पहिली खूण, चहा. शेगावच्या गजानन महाराज संस्थानचा गाडा शिवशंकरभाऊ पाटलांनी वर्षानुवर्षं ओढला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. संस्थानात रोज हजारोंच्या पंगती उठायच्या, पण भाऊ संस्थानचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत, असं तिथला सेवेकरी आजही सांगतो. एका कप चहाने संस्थान बुडालं असतं का? नाही. पण वरचा माणूस चहाचा कप घेत नाही म्हटल्यावर खालच्याला साखरेचं पोतं घरी न्यायला लाज वाटते. कारभाराचं अर्धं शास्त्र तेवढ्यात आलं. आता तुमच्या ओळखीच्या एखाद्या अध्यक्षांना आठवा. ट्रस्टची गाडी, ट्रस्टचा ड्रायव्हर, ट्रस्टचा मोबाइल आणि उपवासाच्या दिवशी ट्रस्टचा सुकामेवा. सेवा मात्र स्वतःची. ती ‘निःस्वार्थ’ असते, असं अहवालाच्या पहिल्या पानावर त्यांनीच लिहिलेलं असतं.

दुसरी खूण, वारस. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी, मुंबई अशा धर्मशाळा उभ्या केल्या आणि त्यांवर नात्यातल्या कुणाचा हक्क राहू नये, अशी तजवीज करून ठेवली. शिष्य नेमला नाही, गादी ठेवली नाही. १९२३ साली एकुलता मुलगा गोविंदा गेल्याची बातमी पोचली, तेव्हा बाबा तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या खारेपाटणात कीर्तनाला उभे होते. कीर्तन थांबलं नाही. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात कॅन्सरचे उपचार घ्यायला आलेला गोरगरीब तिथे उतरतो. त्यात आमचे कोकणातलेही असतात. बाबांना जाऊन सहा तपं होत आली, दार उघडं आहे.

हल्लीच्या काही ट्रस्टांची विश्वस्तांची यादी वाचली, की लग्नपत्रिकेतली ‘आपले नम्र’वाली ओळ आठवते. अध्यक्ष वडील, सचिव थोरले, खजिनदार धाकटे, महिला प्रतिनिधी सूनबाई. ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ एवढंच लिहायचं राहिलेलं. गरजूंची सेवा घरापासून सुरू करावी म्हणतात. इथे ती घरातच आटोपते.

तिसरी खूण, दार. ते कुणाला उघडतं आणि कुणाला नाही. डॉ. विल्यम वानलेस नावाचा मिशनरी १८८९ साली इकडे आला आणि १८९४ मध्ये त्याने मिरजेत इस्पितळ काढलं. तेव्हापासून घाट उतरून-चढून कोकणातली माणसं मिरजेला जात राहिली. वेंगुर्ल्यालाही मिशनचं इस्पितळ होतं. तिथल्या डॉक्टर गोहीन दांपत्याला १९१९ मध्ये तिथेच झालेला मुलगा रॉबर्ट पुढे अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. या मंडळींना धर्मप्रसार करायचा नव्हता, असं कुणी सोवळेपणाने सांगू नये. औषधाबरोबर प्रवचन होतंच. पण आमचा कोकणी माणूस पक्का. त्याने औषध घेतलं आणि प्रवचन तिथेच ठेवून आला. ऑपरेशनच्या टेबलावर जात विचारली नाही, हे मात्र तो नातवंडांना सांगत राहिला.

आपल्याकडेही उघडी दारं आहेत. उगाच तिरकसपणाच्या हौसेपायी ती लपवायला नकोत. चिपळूणजवळ डेरवणला दिगंबरदास महाराजांच्या प्रेरणेतून वालावलकर रुग्णालय उभं राहिलं. आज तिथे वैद्यकीय महाविद्यालयही आहे. नाणीजच्या नरेंद्राचार्य महाराज संस्थानच्या रुग्णवाहिका महामार्गावर अपघातग्रस्तांना फुकट इस्पितळात पोचवतात. गाडीवर महाराजांचं नाव ठळक आहे. असू द्या. गाडी वेळेवर आली, तर नाव आणखी दोन इंच मोठं करा, आमची हरकत नाही. बेशुद्ध माणसाला संप्रदाय विचारता येत नाही, हे तर या सेवेचं मोठंच वैशिष्ट्य. शुद्धीतल्या माणसाला मात्र सगळीकडे विचारतात. ‘कुठल्या वाडीतला? आमच्या पंथाचा का? आमच्या जमातीचा का? आमच्या चर्चचा का?’ भूक लागलेल्याला आधी फॉर्म भरायला लावतात. त्यातला तिसरा रकाना धर्माचा आणि बारावा भुकेचा.

चौथी खूण, सावली. कार्यक्रमात सावली कुणाच्या डोक्यावर आणि ऊन कुणाच्या, एवढंच पाहायचं. १६ एप्रिल २०२३. खारघरचं मैदान. आप्पासाहेब धर्माधिकारींना महाराष्ट्र भूषण पुरस्कार द्यायचा होता. त्यांचे लाखो अनुयायी, म्हणजे श्रीसदस्य, आले, त्यात कोकणातले खूप. व्यासपीठावर छत होतं, मैदानावर एप्रिलचं ऊन. उष्माघाताने १४ माणसं गेली. कार्यक्रम सरकारचा, नियोजनाचं पाप सरकारच्या माथी. आप्पासाहेबांनी पुरस्काराचे २५ लाख मुख्यमंत्री साहाय्यता निधीला दिले. त्यांचे श्रीसदस्य एरवी हातात झाडू घेऊन गावंच्या गावं स्वच्छ करतात, झाडं लावतात, हेही खरं. तरीही एक प्रश्न उरतोच. लाखो माणसं ज्याच्या शब्दावर उन्हात बसतात, त्याच्या एका शब्दावर सावलीतही गेली असती. तो शब्द वेळेवर निघाला असता तर?

या चार खुणांत न बसणारी एक जमात आहे. ती म्हणजे नेमलेले अध्यक्ष. शिर्डी आणि सिद्धिविनायक यांच्यासाठी स्वतंत्र कायदे आहेत आणि त्यांचे विश्वस्त सरकार नेमतं. सरकार नेमतं म्हणजे कुणाला नेमतं, हे सांगायला ज्योतिषी नको. ज्याचं तिकीट कापलं, ज्याचं मंत्रिपद हुकलं, तो गरजू. त्याची सेवा देवाने करायची. सप्टेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने शिर्डीचं विश्वस्त मंडळच बरखास्त केलं. साईबाबांनी श्रद्धा आणि सबुरी दोन्ही सांगितली होती. नाराज आमदारांपाशी पहिली असते, दुसरी नसते.

‘धर्मादाय’ पाटी लावलेल्या बड्या इस्पितळांची तऱ्हा तर कायद्यालाच ठाऊक. सवलतीत जमिनी आणि करमाफी घ्यायची आणि गरीब आला की खाट नाही म्हणायचं, हे इतकं झालं की २००६ मध्ये उच्च न्यायालयाला योजना आखून द्यावी लागली. १० टक्के खाटा निर्धनांना फुकट, आणखी १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत आणि बिलांच्या २ टक्के रक्कम गरिबांच्या निधीत. वर्षाला १ लाख ८० हजारांच्या आत उत्पन्न असेल तर माणूस निर्धन, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर दुर्बल. म्हणजे दानत टक्क्यांत मोजून द्यावी लागली. तरीही गावाकडून मुंबईला गेलेल्या आमच्या माणसाला ही योजना सांगतं कोण? काउंटरवरची मुलगी आधी डिपॉझिट सांगते. योजनेचा बोर्ड असतो, पण बहुधा कुंडीमागे.

आता मंडळी म्हणतील, ‘देणाऱ्याला नावं ठेवायला काय जातं? तुम्ही काय दिलंत?’ प्रश्न बरोबर आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तेव्हा वेगवेगळ्या पंथांची, जमातींची पोरं गुडघाभर चिखलात उतरली होती. आम्ही ते पाहिलंय. कुणी भाकऱ्या बांधून आणल्या, कुणी पाण्याचे टँकर, कुणी नुसती फावडी. फावडीवाल्यांचे फोटो फारसे आले नाहीत, कारण चिखलाने माखलेलं तोंड ओळखू येत नाही. सेवा करणाऱ्यांशी आमचं भांडण नाहीच. भांडण आहे ते सेवेच्या खुर्चीवर बसणाऱ्यांशी, आणि त्याहून जास्त आपल्याशी.

कारण ग्रामपंचायतीच्या गटाराला दोन हजार जास्त लागले, तर आपण ग्रामसभेत मुठी आपटतो. देवाच्या नावाने दोन लाखांची पावती फाडतो आणि हिशेब विचारायला जीभ उचलत नाही. ‘देवाचं काम आहे, विचारू नये.’ हे वाक्य देवाने म्हटल्याचं कुठल्याच पोथीत नाही. ज्याला हिशेब द्यायचा नाही, तोच ते म्हणतो. खरं तर देवाचं नाव घेतलं की माणसं डोळे मिटून खिसा रिकामा करतात, म्हणून तिथेच डोळे जास्त उघडे हवेत. सरपंचाला पाच वर्षांनी घरी बसवता येतं. महाराजांना, मौलानांना, फादरना आणि त्यांच्या विश्वस्तांना घरी कोण बसवणार?

तर या गणपतीत, या ईदला, या नाताळला पावतीपुस्तक घेऊन मंडळी दारात आली, की त्यांना पाणी द्या, वर्गणीही द्या. फक्त तीन गोष्टी विचारा. गेल्या वर्षी किती जमले? त्यातले आजारी आणि उपाशी माणसावर किती गेले? आणि विश्वस्तांत एकाच आडनावाचे किती? उत्तराऐवजी प्रसाद पुढे आला, तर प्रसाद घ्या आणि प्रश्न पुन्हा विचारा. सार्वजनिक न्यासाने दरवर्षी हिशेब तपासून द्यावा, असा १९५० पासूनचा कायदा आहे, आणि त्यासाठी रत्नागिरीत सहायक धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे. देवळाला, मशिदीला, चर्चला जायला आपल्याला वेळ मिळतो. एकदा त्या कार्यालयातही जाऊन या. तिथे नारळ लागत नाही, साधा अर्ज आणि नकलेची फी लागते.