चटईक्षेत्रातला बगीचा

स्थावर संपदा कायदा, 2016 हा ग्रंथ देव्हाऱ्यात ठेवण्याच्या योग्यतेचा आहे. त्यातल्या व्याख्येनुसार चटईक्षेत्र म्हणजे फ्लॅटमधली निव्वळ वापरण्याजोगी जागा. तीत खोल्यांमधल्या भिंतींची जाडी मोजली जाते. बाल्कनी आणि लगतची उघडी गच्ची मोजली जात नाही. माणसाने वावरावे कुठे, याविषयी इतके स्पष्ट मार्गदर्शन यापूर्वी कोणी केले नव्हते.

परवा बाणेरला एका स्नेह्यांच्या वास्तुशांतीला गेलो आणि या तत्त्वाची अंमलबजावणी पाहून धन्य झालो. जी जागा हिशेबातच नाही, तिथे खरी झाडे लावणे अप्रशस्तच. म्हणून बाल्कनीत प्लास्टिकची हिरवळ, प्लास्टिकचा बांबू आणि बारमाही फुललेली बोगनवेल. व्हॅक्यूम क्लीनर फिरवला की मशागत संपली. (धूळ मात्र अस्सल आहे, समोर मेट्रोचे काम चालू आहे.)

डिझायनरबाईंनी तुळसही याच वाणाची सुचवली होती. पण आजींनी गावाहून कुंडी आणलीच. ती आता वॉशिंग मशीनच्या मागे असते, पाहुण्यांना दिसत नाही. खुद्द आजीही हॉलच्या करड्या रंगसंगतीत नीटशा बसत नाहीत. पण काळजीचे कारण नाही, मोजून पैसे भरलेल्या भिंती आहेत.

एक त्रुटी तेवढी राहिली. बाल्कनीच्या कोपऱ्यातल्या फटीत, कुणी न लावता, पिंपळाचे रोप आले आहे. यजमानांनी दिलगिरी व्यक्त केली. सोमवारी पेस्ट कंट्रोलवाला येतो आहे.